सासूबाईंबरोबर रॉक शोला

“थोडा कापूस घे बरोबर,” सासूबाई म्हणाल्या. “आणि चपला नकोत, ते तुझे पट्ट्यांचे सँडल घाल. गर्दी असेल.”

“कुठे जायचंय, आई?”

“ती बाई बघायची आहे ना तुला?”

माझ्या हातातला कंगवा केसांतच राहिला. त्या मात्र शांतपणे पदराला पिन लावत होत्या. बाहेरच्या खोलीत सासरे पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. हेमंत जेवून कधीच बाहेर पडला होता. मित्राकडे जातो, एवढंच म्हणाला होता. जाताना पिशवीत काळा शर्ट घेतला होता. सकाळी त्यानं तो स्वतः इस्त्री केला होता, मला हात लावू दिला नव्हता.

एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. लग्न होऊन मी अंमळनेरहून पुण्याला आले त्याला पाच-सहा महिने झाले होते. हेमंत वाईट माणूस नव्हता. आवाज चढवायचा नाही, जेवणाला नावं ठेवायचा नाही, पगार आईच्या हातात द्यायचा. पण तो घरात असून नसायचा. विचारलं तर उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर तेही नाही. आणि दर रविवारी दुपारी जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा.

त्या आठवड्यात शेजारच्या पेंडशांकडे फोन आला होता. हेमंत कामावर होता म्हणून मी गेले. पलीकडून एक बाई बोलत होती, बिनधास्त, हसऱ्या आवाजात. “शिरीन बोलतेय. हेमंतला सांगा, रविवारी चारला. आणि म्हणावं काळाच शर्ट घाल, मला तोच आवडतो.” तुम्ही कोण, असं मी विचारायच्या आत तिनं फोन ठेवला होता.

मी निरोप दिला. हेमंतचा चेहरा पांढराफटक पडला. “आणखी काय म्हणाली?” त्यानं विचारलं. काही नाही, म्हटलं. “आईसमोर नको बोलूस हे,” तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

पुढच्या मंगळवारी माझा भाऊ मला न्यायला येणार होता, वहिनीच्या बाळाच्या बारशासाठी. मी बॅग भरली. तीत हिवाळ्याचेही कपडे भरले, उन्हाळ्याचेही भरले. शुक्रवारी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना सासूबाईंना सांगून टाकलं, “आई, मी जाईन ती परत येणार नाही.” फोनचंही सांगितलं. मला वाटलं त्या रडतील, किंवा मला बोलतील. त्यांनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली आणि म्हणाल्या, “बरं. रविवार तेवढा जाऊ दे.”

तो रविवार आला होता.

सासरे जागे झालेच. पेपराखालून म्हणाले, “कुठे निघालात दोघी?”

“कीर्तनाला,” सासूबाई म्हणाल्या. “चहा गॅसवर आहे, गरम करून घ्या.”

बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत होते. मनात नाही नाही ते येत होतं. आपण त्या बाईच्या दारात उभं राहायचं, मग काय? सासूबाई भांडणार? मी काय बोलायचं? सासूबाई मात्र तिकीट बोटात धरून निवांत बसल्या होत्या. जणू खरंच कीर्तनाला निघाल्या होत्या.

नदीपलीकडच्या एका कॉलेजपाशी आम्ही उतरलो. फाटकाशी ही गर्दी. खांद्यापर्यंत केस वाढवलेली मुलं, फाटक्या जीन्स, काळे बनियनसारखे टी-शर्ट, कुणाच्या मनगटाला चामड्याचे पट्टे. मुलीही होत्या, त्याही तशाच. त्या सगळ्यांत आम्ही दोघी: मी हिरव्या वॉयलच्या साडीत, सासूबाई त्यांच्या जांभळ्या इरकलीत.

फाटकावरच्या स्वयंसेवक मुलानं आम्हाला अडवलं. “मावशी, नाटक उद्या आहे. आज रॉक शो आहे. फार आवाज असतो.”

“माहितेय मला,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही मागेच उभ्या राहू.”

मला काहीच समजेना. मैदानाच्या एका टोकाला बांबू आणि फळ्यांचा मंच बांधला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढाले काळे स्पीकर. सासूबाई गर्दीला वळसा घालून सरळ मैदानाच्या मागच्या कडेला गेल्या. तिथे एका टेबलावर बटणंच बटणं असलेलं यंत्र मांडून एक दाढीवाला मध्यमवयीन माणूस बसला होता. आम्हाला बघून तो उठला आणि त्यानं बाजूची लोखंडी पेटी आम्हाला बसायला रुमालानं पुसली.

“या अम्मा. आज उशीर केलात?”

“बस मिळेना, गफूरभाई.”

“आणि या?”

“सून माझी.”

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मंचाकडे पाहिलं आणि ते आपल्या बटणांकडे वळले.

“आई, तुम्ही यांना ओळखता?”

“कानात कापूस घाल आधी,” सासूबाई म्हणाल्या. “फार खोल नको. थोडं ऐकू यायला हवं.”

मी कापसाचे बोळे कानात घालते न घालते तोच मुलांनी आरडाओरडा सुरू केला. मंचावर चार जण आले. आधी एक बुटका पोरगा ड्रमच्या मागे जाऊन बसला. मग एक उंच, लांब केसांचा गिटारवाला. मग एक मुलगी आली, जीन्स घातलेली, कापलेले केस, ओठांवर लाल लिपस्टिक. तिनं माइक हातात घेतला आणि म्हणाली, “हॅलो, पुणे!”

तो आवाज मी फोनवर ऐकला होता.

“हीच ती,” मी सासूबाईंचा दंड धरला. “आई, हीच.”

“हो. शिरीन तिचं नाव. त्या ड्रमवाल्याची बायको,” सासूबाई म्हणाल्या. “आता तिकडे नको, डावीकडे बघ.”

डावीकडे, सगळ्यांच्या मागे, स्पीकरच्या जवळजवळ आडोशाला माझा नवरा उभा होता. काळा शर्ट. गळ्यात लांब दांड्याची गिटार. मान खाली.

मला काही विचारायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तो पहिला दणका मी आजही विसरलेले नाही. आवाज कानातून आलाच नाही. तो पायाखालच्या मातीतून आला, लोखंडी पेटीतून आला, बरगड्यांत घुसला. माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या आपोआप किणकिणायला लागल्या. मला वाटलं, काहीतरी कोसळलं. मी उठून पळणारच होते. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मी आमच्या गावाला गाण्याचे कार्यक्रम ऐकले होते, गणपतीतले ऑर्केस्ट्रे ऐकले होते. हे त्यातलं काहीच नव्हतं. शिरीन किंचाळत होती की गात होती, मला सांगता येईना. समोरची पोरं केस मोकळे सोडून माना हलवत होती. पहिली दोन गाणी मी नुसती घाबरून बसले. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की या सगळ्या कल्लोळाच्या खालून काहीतरी एक संथपणे चालत राहिलंय. बाकीचे भडकतात, थांबतात, पुन्हा उसळतात, आणि ते आपलं चालूच आहे. मी हेमंतच्या बोटांकडे पाहिलं. ते तोच वाजवत होता.

घरी जेवताना ताटाच्या कडेवर त्याची बोटं अशीच चालायची. मला वाटायचं, त्याला माझा कंटाळा आलाय.

पाचव्या की सहाव्या गाण्याच्या मध्येच खट्ट झालं. शिरीनचा आवाज एकदम बंद पडला, नुसतेच ओठ हलताना दिसायला लागले. लांब केसांच्या पोराची गिटारही मुकी झाली. “एक लाइन उडाली!” असं ओरडत गफूरभाई वायरींच्या भेंडोळ्यावरून उड्या मारत मंचाकडे पळाले.

गर्दीनं आधी हसून घेतलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. मग “हुर्यो” सुरू झालं. कागदाचे बोळे मंचावर यायला लागले. एक बोळा शिरीनच्या खांद्याला लागला. ड्रमवाला थांबला. लांब केसांचा पोरगा गिटार काढून ठेवायला लागला. थोड्या वेळापूर्वी त्या बाईच्या झिंज्या उपटाव्यात असं मला वाटत होतं, आणि आता ती तिथे ओशाळून उभी होती तर मलाच रडू यायला लागलं.

हेमंत मात्र थांबला नव्हता. त्याची लाइन वेगळी असावी. तो तेच वाजवत होता, तेवढंच, पुन्हा पुन्हा. वाजवत वाजवत तो पुढे आला. ड्रमवाल्याकडे वळून त्यानं मान हलवली. ड्रमवाल्यानं काठ्या उचलल्या. आता मैदानात फक्त त्या दोघांचा आवाज होता. हेमंत मंचाच्या अगदी कडेला येऊन उभा राहिला. तो माझा घुमा नवरा, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा. त्यानं मान वर केली आणि त्या हुर्यो करणाऱ्या पोरांकडे बघत वाजवणं हळूहळू वाढवत नेलं. एका कोपऱ्यातून टाळ्यांचा ठेका सुरू झाला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग सगळं मैदान ठेका धरून टाळ्या वाजवायला लागलं. आणि हेमंत हसला. तोंडभरून, मान मागे टाकून हसला.

इतक्या महिन्यांत मी त्याला तसं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की एक बांगडी पिचली. “पुढे आला गं,” त्या म्हणत होत्या. “कधी येत नाही. आज पुढे आला.”

“कधी येत नाही म्हणजे? तुम्ही आधीही आला होतात?”

“मी दर वेळी येते.” नजर मंचावरच ठेवून त्या बोलत होत्या, आणि त्या ठेक्यातही मला त्यांचा शब्दन् शब्द ऐकू आला. “डिप्लोमाला नापास झाला तेव्हा ह्यांनी त्याची गिटार गॅलरीतून खाली टाकली. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, पुन्हा हात लावणार नाही म्हणून.”

“मग?”

“मग काय. पाळली बिचाऱ्यानं. वर्षभर धड जेवला नाही. आणि एका रविवारी घरी आला तो दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मी ओळखलं. पुढच्या रविवारी गेले मागोमाग. माझ्याच बहिणीच्या माळ्यावर दुसरी गिटार ठेवली होती गाढवानं. शो कुठे, कधी, ते तीच मला सांगते.” त्या हसल्या. “शपथ मोडली म्हणजे मी मरायला हवी होते ना? बघ, ठणठणीत आहे.”

“तुम्हाला कळलंय हे त्यांना सांगितलं का नाही?”

“सांगून काय होईल? आपण आईची शपथ मोडली आणि आईला ते कळलंय, हे त्याला समजलं, तर तो वाजवेल पुन्हा? मी ओळखते त्याला. म्हणून मी अशी मागे बसते आणि त्याच्या आधी घरी जाते.”

मंचावर खट्ट झालं आणि शिरीनचा आवाज परत आला. सगळं मैदान ओरडलं. सासूबाईंना आता माझ्या कानाशी तोंड आणावं लागलं.

“तुलाही नसतं सांगितलं. पण तू निघालीस. घरात तो गप्प असतो तो या भीतीनं, की तुला सांगितलं तर तू मला सांगशील. माझ्या एका शपथेपायी तुम्हा दोघांचं मोडायला नको, शैलजा. तुला जायचंच असेल तर जा. मी अडवणार नाही. फक्त त्याला एकदा बघून जा, एवढंच मला वाटलं.”

मी रडत होते आणि समोर ती पोरं नाचत होती.

थोड्या वेळानं सासूबाई उठल्या, पदर सारखा केला. “चल. त्याच्या आत पोचायला हवं.”

“मी थांबते, आई,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या कानातला कापसाचा एक बोळा काढला, दुसरा काढला, आणि आपल्या रुमालात गुंडाळून घेतला. “थांब,” त्या म्हणाल्या. “माझं नाव घेऊ नकोस मात्र.” आणि गर्दीच्या कडेकडेनं ती जांभळी इरकल फाटकाकडे निघून गेली.

शो संपला तेव्हा अजून बराच उजेड होता. मी मंचाच्या मागे गेले. हेमंत जमिनीवर बसून गिटार पेटीत ठेवत होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं वर पाहिलं आणि तो उभाच राहिला.

“तू? इथं कशी?”

“फोनवर चारला म्हणाल्या होत्या ना त्या. मी आले शोधत.”

“एकटी?”

“हो.”

“आईला...” त्यानं गिटारची पेटी बंद केली. “आईला माहितेय?”

“नाही,” मी म्हणाले. “मी कशाला सांगतेय?”

तो परत खाली बसला. मग त्यानं मला सगळं सांगितलं. गॅलरी, गिटार, शपथ. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं, आणि खरं म्हणजे त्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. “आईच्या जिवाची शपथ होती, शैला. रोज सकाळी उठलो की आधी तिला बघतो, बरी आहे ना. मग वाटतं, आता सोडावं. आणि रविवार येतो.”

तेवढ्यात शिरीन आली. “ही शैलजा? अरे, मग मी फोनवर हिच्याशीच बोलले!” तिनं मला मिठी मारली. तिच्या अंगाला घामाचा आणि अत्तराचा वास येत होता. “कसं वाटलं?”

“भीती वाटली,” मी म्हणाले. “पुन्हा कधी आहे?”

घरी आम्ही एकत्रच गेलो. सासूबाई घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, अंगावर घरातली साडी. “वाटेत भेटलात वाटतं?” त्या म्हणाल्या. “ही म्हणाली मैत्रिणीकडे जाऊन येते, म्हणून मी एकटीच आले कीर्तनाहून.”

रात्री चौघं जेवायला बसलो. सासऱ्यांनी आमटी खारट झालीय म्हणून तक्रार केली. सासूबाई भाकरी वाढता वाढता अगदी सहज म्हणाल्या, “हेमंता, तू मागे कधीतरी माझी शपथ घेतली होतीस बघ. ती सुटली हं.”

हेमंतचा घास हातातच राहिला.

“कसली शपथ?” सासऱ्यांनी विचारलं.

“तुम्हीच घ्यायला लावलीत आणि तुम्हीच विसरलात?” सासूबाई म्हणाल्या. “मग सुटलीच. भाकरी घ्या.”

सासरे थोडा वेळ आठवत राहिले, मग त्यांनी भाकरी घेतली. हेमंतनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहत होते. तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिला.

मंगळवारी भाऊ आला. मी बारशाला गेले, आणि बारसं झाल्यावर परत आले. वहिनी म्हणाली, एवढे कपडे आणलेस कशाला?

त्यानंतर त्यांचा बँड चार-पाच वर्षं चालला. मग सगळ्यांची पोटापाण्याची धावपळ सुरू झाली, शिरीन आणि तिचा नवरा दुसऱ्या देशात गेले, बँड संपला. तोवर मी प्रत्येक शोला गेले. आधी मागे, गफूरभाईंच्या पेटीवर, पुढे मुलगी झाल्यावर तिला कडेवर घेऊन. तिला त्या आवाजात गाढ झोप लागायची. त्या काळात आम्ही दोघं जे बोललो, भांडलो, हसलो, त्यावर आमचा पुढचा संसार उभा आहे. आज मी त्याला नावानं हाक मारते आणि अरेतुरे करते. त्याची सुरुवातही तेव्हाचीच.

सासूबाईंना हेमंतनं एकदा स्वतः आग्रह करून शोला नेलं. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, डोळे मोठे केले, “अगं बाई, केवढा हा आवाज!” म्हणाल्या. गफूरभाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि “पहिल्यांदाच आलात का माँजी?” असं विचारलं. मला हसू दाबताना ठसका लागला. त्या संध्याकाळी हेमंत आईला एकेक वाद्य दाखवून समजावत होता आणि त्या प्रत्येकाला “हो का?” म्हणत होत्या.

त्या गेल्या त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. अखेरपर्यंत आम्ही दोघींनी तो विषय कधी काढला नाही. मला त्यांचे आभार मानायचे होते, बऱ्याचदा तोंडावर यायचं, पण त्या लगेच दुसरंच काहीतरी काम सांगायच्या.

त्यांचे दिवस झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, एका दुपारी मी हेमंतला सगळं सांगितलं. कीर्तन, इरकल, लोखंडी पेटी. तो ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं, “मला कशी दिसली नाही गं ती?”

“तू मान खाली घालून वाजवायचास,” मी म्हणाले.

तो लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत बसले आणि त्याला रडू दिलं.